उभी ठेवली का मेली

आमच्या जीपच्या पोटाला भोकं आहेत. गंजाने पाडलेली नव्हेत (तीही होती, त्यांचं पुढे सांगतो), तर कारखान्यातच पाडलेली, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. दर रविवारी सकाळी सायकलच्या चाकाची एक जुनी तार घेऊन मी गाडीखाली सरपटतो आणि ती एकेक करून कोरतो. बहुतेक वेळा वाळू निघते. कधी सुपारीच्या पोयीचा भुगा, कधी सुरूच्या सुया. एकदा कुंभारमाशीचं अख्खं मातीचं घर निघालं. वीस मिनिटांचं काम. बघणाऱ्याला वाटतं, माणूस गाडीखाली झोपलाय, आणि आमच्या घरातल्यांचंही मत त्याहून फार वेगळं नाही. पण एकोणीस वर्षांत या गाडीवर जे काही केलं त्यातलं सगळ्यात मोलाचं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी त्या तारेकडे बोट दाखवीन.

गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९१ सालची. एका सरकारी खात्याने पंधरा वर्षं दामटून २००६ साली लिलावात काढली आणि बाबांनी ती उचलली. आमची वाडी चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात. नारळ, सुपारी, मधल्या मोकळ्या जागेत केळी आणि चार-दोन जायफळं. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. मध्ये सुरूची रांग आणि दोन आळ्या. जीप आली ती बैलगाडीच्या जागी. शेणखताची पोती, सोललेले नारळ, विहिरीचा बिघडलेला पंप, आणि पावसाळ्यात चिखलात रुतलेला दुसऱ्यांचा टेम्पो, ही तिची कामं. ‘ऑफ रोड’ हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. वाडीपर्यंत रस्ताच नव्हता, म्हणून फोर व्हील.

लिलावात बाबांनी बॉनेट उघडून इंजिन सुरू करून पाहिलं होतं. एका दमात लागलं, धूर काळा नव्हता, बाबा खूष. आठवड्याने मिस्त्री बघायला आले. खाडीकाठी त्यांची पत्र्याची शेड आहे. उमेदीची वर्षं त्यांनी मासेमारीच्या बोटींच्या इंजिनांवर घालवली आणि जीप, ट्रॅक्टर, मिनीडोअर ही कामं नंतरची. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. एक लांब पेचकस घेतला आणि गाडीखाली शिरून चेसिसवर टकटक करत मागून पुढे आले. ठण, ठण, ठण, मग मध्येच भद. जिथे भद आवाज आला तिथे त्यांनी पेचकस टेकवून जोर दिला. तो खपकन आत गेला, कलिंगडात सुरी जावी तसा.

“इंजिन कवा पन होल,” ते म्हणाले. “पयली हारां बघाची.”

हाडं बघायची हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दुसरं त्यांनी पैसे घेताना ऐकवलं, तेच या लेखाचं नाव आहे: “गारी चालवाची. उभी ठेवली का मेली.” मला ते तेव्हा नुसतं धंद्याचं बोलणं वाटलं. गाडी चालली तर बिघडणार, बिघडली तर शेडवर येणार. गोष्ट नेमकी उलटी आहे, हे कळायला काही पावसाळे जावे लागले.

किनाऱ्यावर लोखंडाचं काय होतं ते आधी सांगायला हवं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की त्या पाण्याचे अगदी बारीक थेंब वाऱ्यावर चढतात, त्यांतलं पाणी उडतं आणि मीठ आत येतं. वाड्यांतल्या पानांवर, खिडक्यांच्या गजांवर, जीपच्या पत्र्यावर बसतं. किनाऱ्यापासून काही शे मीटरांत हे प्रमाण झपाट्याने उतरतं. सुरूची आणि माडांची रांग मध्ये असली तर आणखी. म्हणून एकाच गावात समुद्राकडच्या आळीत आणि डोंगराकडच्या आळीत गाड्यांची आयुष्यं वेगळी. हे मीठ नुसतं बसून राहत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि समुद्राच्या मिठात मिसळलेलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागतं. तेवढी आर्द्रता आपल्याकडे ऐन उन्हाळ्याच्या दुपारीही असते. म्हणजे पाऊस नसला तरी मीठ बसलेला पत्रा ओलाच असतो, डोळ्यांना फक्त दिसत नाही. लोखंडावर जो पातळ संरक्षक थर धरतो तो क्लोराइड मोडून काढतं. मग प्राणवायू, पाणी आणि लोखंड यांचं आपापसात सुरू होतं.

यातली एक गंमत मला बऱ्याच उशिरा कळली. पावसाने धुतला जाणारा वरचा पत्रा तुलनेने टिकतो, कारण पाऊस गोड्या पाण्याचा आणि तो मीठ वाहून नेतो. सडते ती पाऊस न पोचणारी बाजू. मडगार्डचं आतलं वळण, फूटबोर्डाखालची पोकळी, चेसिसचा पेटीसारखा बंद भाग, बॉडी चेसिसवर जिथे बसते ते ठोकळे. तिथे मीठ येतं, ओल येते, दोन्ही जात नाहीत. आणि पाणी जायचं भोक वाळूने बुजलं असेल तर आत एक छोटं मिठागर तयार होतं.

गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो हे आणखी एक. स्प्रिंगच्या पाट्यांच्या गठ्ठ्यात शिरलेला गंज पाटे एकमेकांपासून फाकवतो; मग ते घसरत नाहीत, गाडी दगडासारखी आपटते आणि माणूस शॉक ॲब्झॉर्बर बदलत बसतो. आमच्या गाडीचे मागचे पाटे पहिल्यांदा सोडवले तेव्हा दोन पाट्यांमधून खरवडून निघालेला गंज एका वाटीभर होता.

अलिबागमध्ये लोखंडाला मज्जाव असलेली एक जागा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, हे तिचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, मग कुलाब्याच्या थांबल्या. तिथली निरीक्षणाची इमारत मुद्दाम चुंबकत्व नसलेल्या दगडाची, बिनलोखंडाची. कारण अर्थातच वेगळं होतं, पण पावसाळ्यात त्या कुंपणावरून जाताना माझ्या मनात येतं, की या किनाऱ्यावर बांधकाम करावं तर असं.

आता उभ्या गाडीकडे. मांडवा, आवास, सासवणे, किहीम या पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांच्या पोर्चमध्ये हौसेची एक जुनी जीप असते. शनिवारी संध्याकाळी बाजारात जायला, पाहुण्यांना फिरवायला. तिच्यावर प्रेम असतं, पैसाही असतो. दर सोमवारी तिच्यावर चांगली जाड ताडपत्री नाहीतर गाडीचं कव्हर चढतं, चारी बाजूंनी दोरी आवळली जाते आणि मालक परत जातो. मिस्त्रींच्या शेडवर सगळ्यात वाईट अवस्थेत येतात त्या याच गाड्या. कव्हरखाली जमिनीची वाफ चढते, मीठ आहेच, वारा नाही. उलट आक्षी-साखरेला बर्फाच्या लाद्या आणि मासळीच्या टोपल्या वाहणारी एक जुनी कमांडर मी बघतो. तिला रंग कोणता होता हे सांगता येणार नाही, वास मात्र लांबून सांगता येतो. ती रोज पहाटे सुरू होते आणि रोज धुतली जाते. तिची चेसिस ठण वाजते.

यात जादू नाही. गाडी तासभर चालली की इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या उबेने बॉनेटखालची आणि खालची बरीचशी ओल सुकते. ब्रेकचे लायनर ड्रमवरचा रात्रीतला गंज घासून काढतात. पंधरा दिवस उभी राहिली तर तेच लायनर ड्रमला चिकटतात. (म्हणून इथली जाणती माणसं हँडब्रेक ओढून गाडी उभी करत नाहीत. गिअरमध्ये टाकतात आणि चाकाला दगड लावतात.) ऑइल सगळीकडे पुन्हा पसरतं, सील ओले राहतात. डिझेलची अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतलं पाणी भिंतीला धरतं आणि डिझेलखाली तळाशी जाऊन बसतं. गाडी चालत असली तर ते थोडं थोडं फिल्टरच्या वाटीत येतं आणि वाटीखालचा स्क्रू सोडून काढता येतं. उभी असली तर टाकी तळातून सडते. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवायची, हा आमच्याकडचा नियम. बाबांना तो उधळेपणा वाटायचा.

२०२०च्या १५ मार्चला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. गाडी बोटीत घालून तासाभरात अलिबागला, अशा जाहिराती लागल्या आणि आठवड्याभरात टाळेबंदी. बंगल्यांतल्या जीपा जिथे होत्या तिथे राहिल्या. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं.

त्या दुपारचं वर्णन करायला मी बसलो तर हा लेख दुसराच होईल. आमच्या वाडीतल्या जवळपास निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. मुरूड-श्रीवर्धनकडे त्याहून वाईट होतं. वाडी म्हणजे पिढ्यांचा पैसा, एक सुपारी फळाला यायला पाच-सात वर्षं. जीपवर माडाची एक झाप पडली, काच फुटली, एवढंच. संध्याकाळी वारा पडल्यावर रस्त्यावर आलो तर रस्ता नव्हताच, नुसती खोडं. वीज गेली होती आणि ती आमच्या आळीत कित्येक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्री चालत आले, खांद्यावर बोटीचा जाड दोर. गाडी एका दमात लागली. फोर व्हील टाकली, लो टाकला, पहिला गिअर. लो गिअरमध्ये ही गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू जाते आणि तेवढ्याच निर्विकारपणे ओढते. दोर आवळला, पाटे कुरकुरले, आणि आडवं पडलेलं आंब्याचं खोड रस्त्यावरून कडेला सरकायला लागलं. आळीतली पोरं ओरडत होती. आम्ही संध्याकाळपर्यंत तेच करत होतो. दोन दिवसांनी पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस गेला, कारण त्या दोन दिवसांत ग्रीस गन कुठे ठेवली होती ते कुणाला आठवलं नाही.

पुढच्या चार-सहा महिन्यांत बंगल्यांवरच्या जीपा एकेक करून शेडवर आल्या. बहुतेक दोरीने ओढून.

आता थोडं घराण्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच, १९४८ सालचा, लष्करासाठीच्या खरेदीतला. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रा कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला, सुट्या भागांत आलेल्या विलिस जीपा जोडायला घेतल्या. पुढे आलं ते उंच बॉनेटचं मॉडेल, सीजे-३बी. त्याचं बॉनेट उंच का, याचं उत्तर सौंदर्यात नाही, इंजिनात आहे. नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह बाजूचे काढून वर नेले, इंजिनाची उंची वाढली, मग बॉनेटला वर जावंच लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ते १९६८ एवढंच टिकलं. आपण त्याच घाटाच्या गाड्या एकविसाव्या शतकापर्यंत ओढल्या. १९५२च्या २ ऑक्टोबरला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याच्या नावाआधी त्याची जीप गावात पोचू लागली. जंगल खातं, पाटबंधारे, मलेरियावाले, निवडणुका. १९८५च्या सुमाराला एमएम ५४० आली, प्यूजोच्या परवान्याचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन. त्या इंजिनाला संगणक नाही, सेन्सर नाही. बंद करायला किल्ली फिरवून भागत नाही, स्टॉपची केबल ओढावी लागते. इंजिनाला विजेशी काही देणंघेणं असतं ते सुरू होईपर्यंतच: हीटरना आणि सेल्फला.

आमच्या रेवदंड्याला पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी बोटीतून उतरला होता, विकण्यासाठी एक घोडा घेऊन. तेव्हा चौल बंदरात घोडे समुद्रापलीकडून येत. त्याने लिहून ठेवलंय की इथे घोडे पैदा होत नाहीत आणि त्यांच्या खाण्यापिण्याचे निराळेच प्रकार करावे लागतात. जुन्नरला त्याचा घोडा तिथल्या खानाने काढून घेतला आणि तो परत मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले. परक्या हवेतून आणलेलं जनावर या किनाऱ्यावर जगवायचं, हे आमच्या गावाला नवं नाही.

ते जगवण्याचं वेळापत्रक होड्यांच्या वेळापत्रकाला जोडलेलं आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून शाकारतात, तळ खरवडतात, रंगवतात. मिस्त्रींच्या हाताला त्याआधी, मे महिन्यात जीपा लागतात. गाडी जॅकवर घेऊन चाकं काढायची. विहिरीच्या पाण्याने खालून धुवायची, पण कुठल्या विहिरीच्या ते बघायचं; आमच्या खालच्या विहिरीला मे महिन्यात मचूळ पाणी येतं आणि त्याने धुणं म्हणजे मीठ चोळणं. दोन दिवस उन्हात सुकवायची. तारेच्या ब्रशने गंज खरवडून रेड ऑक्साइड. मग सगळ्या निपलांना ग्रीस, जुनं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंगचे सांधे, शाफ्टचे क्रॉस. एक निपल कायम बुजलेलं निघतं आणि ते हमखास हात न पोचणाऱ्या जागी असतं.

आणि मग काळं ऑइल. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल डिझेलमध्ये पातळ करून ब्रशने किंवा फवाऱ्याने चेसिसला मारायचं, ही कोकणातली सर्रास पद्धत. स्वस्त आहे आणि वर्षभर काम करते. मीही बारा-तेरा वर्षं मारलं. मग एका जूनमध्ये पहिल्या पावसानंतर वाडीच्या पाटात तवंग दिसला, सप्तरंगी, सुंदर. तो पाट सुपारीच्या आळ्यांत जातो. तेव्हापासून बंद केलं. मिस्त्रींना हे नखरे वाटतात.

पर्याय त्यांच्याच जुन्या धंद्यातून निघाला. लाकडी होड्यांना पूर्वी माशाचं तेल चोळत. लोखंडावरही ते चालतं: हवेत हळूहळू घट्ट होतं, गंजाच्या बारीक भेगांत शिरतं. अमेरिकेत १९२१ साली रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या एका दर्यावर्दी कप्तानाने गंजरोधक रंगाची कंपनी काढली ती याच गोष्टीवर. लोखंडी डेकवर माशाचं तेल सांडलं तिथला गंज थांबलेला त्याला दिसला, असं सांगतात. मी पहिल्या वर्षी निखळ माशाचं तेल लावलं. गावातली सगळी मांजरं आठवडाभर गाडीखाली बसून होती आणि बायकोने त्या आठवड्यात गाडीत पाऊल ठेवलं नाही. हल्ली मी जवसाचं उकळलेलं तेल लावतो आणि पोकळ भागांत पातळ मेण सोडतो. वास नाही, तवंग नाही. खर्च जास्त आहे, लपवत नाही.

बाजारात एक छोटी डबी मिळते, बॅटरीला जोडायची, गंज कायमचा बंद. मित्राने हौसेने लावली होती. कल्पना बोटींवरची: बोटींना जस्ताच्या वड्या लावतात आणि त्या खरोखर काम करतात. युक्ती हंफ्री डेव्हीने १८२४ साली काढलेली, इंग्रज आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी. जस्त आधी झिजतं आणि मूळ धातू वाचतो. पण त्याला दोन्ही धातू एकाच पाण्यात बुडालेले लागतात. बोट बुडालेली असते. जीप हवेत असते, तिच्यावर ओल असते ती तुटक तुटक. मित्राच्या डबीवरचा दिवा अजून लागतो, दार मात्र खालून गेलं.

गंजाचा उपद्व्याप कुठे कुठे पोचतो याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. २०१४ साली आमच्या गाडीचे हेडलाइट मंद झाले. हॉर्न दाबला की आणखी मंद. एका इलेक्ट्रिशियनने बल्ब बदलले, दुसऱ्याने वायरिंग, तिसऱ्याने अल्टरनेटर बदलायला सांगितला आणि मी बदललाही. फरक शून्य. शेवटी मिस्त्रींनी बॅटरीपासून चेसिसला जाणारा अर्थिंगचा पट्टा सोडला, त्याच्या बोल्टाखालचा रुपयाएवढा गंज पॉलिश पेपरने घासला, वर व्हॅसलिन चोळलं आणि बोल्ट आवळला. दिवे असे लागले की समोरच्या घरातून विचारणा झाली. गाडीत वीज बॅटरीतून वायरने जाते, पण परत येते ती पत्र्यातून. पत्रा गंजला की परतीची वाट बंद. तेव्हापासून विजेची कुठलीही तक्रार आली की मी आधी पॉलिश पेपर शोधतो. त्यांनी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, म्हणाले बोल्टाचे काय घ्यायचे. अल्टरनेटरचे मात्र गेले ते गेले.

माझी स्वतःची सगळ्यात मोठी चूक वाळूवरची. एका मित्राची छोटी होडी पाण्यातून वर ओढायची होती, ओहोटी होती, चाकांतली हवा कमी केली की जीप मऊ वाळूवर चालते हे मी वाचलं होतं. चालली. मी फुशारकीने मागची चाकं पाण्यात घातली. दीड तास रस्त्यावर पळून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून, जिथून मिळेल तिथून पाणी आत ओढते. हे मला आठवड्याने कळलं, डिफरन्शियलचा नट सोडल्यावर. नव्वद नंबरचं काळपट ऑइल यायच्या जागी दुधाचा चहा आला. बेअरिंगं गेली, ब्रेकच्या ड्रममध्ये वाळूने चरे पाडले. ब्रीदरला नळी लावून ती सीटखाली वर आणून सोडली असती तर अर्धं नुकसान टळलं असतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला ओहोटीत जाणारे घोडागाडीवाले रोज त्या पाण्यातून जातात. त्यांच्यापैकी एकाला विचारलं, चाकं टिकतात कशी? “रोज ग्रीस भरतो,” तो म्हणाला, “तुम्ही किती दिवसांनी?” मी विषय बदलला.

पण तो प्रश्न फक्त बेअरिंगांचा नाही. दर सुट्टीत अलिबाग, काशीद, मुरूडकडे कुणाची तरी नवी कोरी गाडी भरतीत अडकते, तिचा व्हिडिओ फिरतो, लोक हसतात. प्रशासन बंदीचे फलक लावतं, ते वाळूत उभे असतात आणि चाकांच्या खुणा त्यांना वळसा घालून जातात. दिवेआगर, हरिहरेश्वरला ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत वाळूत अंडी घालतात. चाकाखाली वाळू दबली की खालचं घरटं गेलं; आणि चाकोरीत पडलेलं अंगठ्याएवढं पिल्लू तिच्यातून वर येऊन समुद्र गाठू शकत नाही. फोर व्हील असणं हा वाळूवर जाण्याचा परवाना नव्हे. मी स्वतः ते केलंय, म्हणून जास्त जोर देऊन सांगतो.

सुट्या भागांची चिंता अजून तितकीशी नाही. साधं ते अलिबाग-पेणला मिळतं, अडलेलं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. हरियाणातलं मंडी डबवाली तर जुन्या जीपा नव्याने बांधण्यासाठीच प्रसिद्ध. तिथून अख्खी बॉडी मागवता येते, रंगासकट. मागवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण तिथली चकाचक बॉडी बसवून आणलेल्या दोन गाड्यांखाली मी शिरून पाहिलंय. पाणी जायची भोकं रंगाने बुजलेली होती. पुढे विंच, वर दिव्यांची पट्टी, पाण्यातून जाताना इंजिनाने वरून श्वास घ्यावा म्हणून काचेशेजारी उभी नळी, आणि चेसिसवर पेचकस टेकवला तर भद. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

आमच्यासारखी गाडी लिलावात पुन्हा कुणाला मिळायची नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही, त्या भंगारातच काढायच्या. खासगी गाडीला अजून दर पाच वर्षांनी तपासणी करून पुढे जाता येतं. २०२१ साली आम्ही पेणच्या आरटीओत गेलो तेव्हा नूतनीकरणाची फी काही शे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या चारचाकीला दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. नव्या नंबरप्लेटचं प्रकरणही होतंच. एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागणार, मुदत वाढत वाढत गेली, आमची बसवणाऱ्या पोराने गाडीचं साल बघून विचारलं, “काका, ही चालते?” त्याचा जन्म गाडीनंतरचा.

धूर सोडणारी चौतीस वर्षांची डिझेल गाडी ठेवावी का, हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला स्वच्छ उत्तर नाही. वर्षाला ती दोन-अडीच हजार किलोमीटर चालते, बहुतेक वाडी ते बाजार. धूर काळा झाला की नोझल काढून तपासून घेतो. मुंबईला तिला कधी नेलं नाही, नेणारही नाही. बाबा गेले त्या वर्षी ती विकावी असं घरात बोलणं झालं होतं. गिऱ्हाईकही आलं, बॉनेट उघडलं, इंजिन ऐकलं, खूष झालं. त्याने खाली वाकून पाहिलं नाही, आणि का कोण जाणे, तेवढ्यावरून मी नाही म्हणालो.

२०२६च्या पावसाआधी पुन्हा पेणला जायचं आहे. परवा दसऱ्याला झेंडूची माळ घालायच्या आधी मिस्त्री पेचकस घेऊन एकदा खालून फिरले. आता त्यांना गुडघ्यावर बसवत नाही, म्हणून टकटक मी केली आणि ते बाहेर स्टुलावर बसून ऐकत होते. मागचं डावं माउंटिंग भद वाजलं. तीन मिलिमीटरचा पत्रा आणून ठेवला आहे. वेल्डर गावाला गेलाय, तुळशीचं लग्न झालं की येतो म्हणालाय.